जावयाच्या ताटात चिमीचांगा

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घातलं नाही तर आभाळ कोसळतं, असं रंगुबाईच्या थोरल्या दिरानं, भागवतनं, अख्ख्या भावकीला पटवून ठेवलं होतं. आभाळ काही कोसळत नाही. तीन वर्षांनी एकदा हा जास्तीचा महिना येतो. मग माहेरचे लोक लेक-जावयाला बोलावतात, जावयाचे पाय धुतात, त्याला कपडे करतात आणि कणकेच्या गोळ्यात पुरण दाबून भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. जावई तेवढ्या महिन्यापुरता देव. बाकीच्या महिन्यांत तो काय असतो, ते ज्याच्या त्याच्या लेकीला ठाऊक.

रंगुबाईची लेक ज्योती कर्जतकडच्या सासरहून संक्रांतीच्या आधी माहेरी आली, ती परत गेलीच नव्हती. डाव्या दंडाला भाजलं होतं. 'तळताना तेल उडालं,' एवढंच तिनं सांगितलं. जखम भरली, खपली धरली, खपली पडली, तरी पोरगी जायचं नाव काढीना. पाच महिने झाले. गावाला एवढा वेळ पुष्कळ होतो. पाण्याच्या टाकीपाशी बाया विचारायला लागल्या, "काय गं रंगुबाई, जावई आला न्हाई व्हय न्यायला?" विचारताना तोंडावर काळजी आणि डोळ्यांत जत्रा.

त्यात हा महिना उगवला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

भागवत एका सकाळी आला आणि ओट्यावर बसला. रंगुबाई समोरच शेंगा फोडत होती. पण धाकट्या भावजयीशी तो थेट बोलत नसे. जुनी रीत. ती हातभर अंतरावर असली तरी तो तिच्या नवऱ्याला मध्ये घालून बोले.

"पुंजा, तुझ्या बायकोला सांग, जावयाला फोन केलाय म्या. रविवारी येत्यात मायलेकरं. धोंडे घालायचे, कपडे करायचे, पोरीची ओटी भरायची आन् गाडीत बसवून द्यायची. विषय मिटला."

पुंजाराम जमिनीकडं बघत म्हणाला, "बरं."

पुंजारामनं आयुष्यात थोरल्या भावाला 'बरं' सोडून दुसरं उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि रंगुबाई? तिला ह्याचा राग आला, दुःख झालं, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तसं काही झालं नाही. तिलाही हायसं वाटलं. टाकीपाशी मान खाली घालून हंडा भरायचा तिला कंटाळा आला होता. नवरा-बायकोत धुसफूस कुणाच्या घरात नसते? चार दिवस माहेरी बसली, डोकं थंड झालं, आता जाईल नांदायला. धोंडे असे करू की जावई बोटं चाटत राहील. चार गावांत नाव काढलेला धोंडा होता तिचा. तिनं हरभऱ्याची डाळ निवडली, गूळ चिरला, जावयाला शर्टपीस-पँटपीस आणून ठेवलं.

शनिवारी दुपारी ज्योती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, उद्या जायचंच हाय ना मला?"

"जायला तर लागतंच बाई. लेकीची जात."

"मग आज मला चिमीचांगा करू दे."

"काय करू दे?"

लग्नाआधी दोन वर्षं ज्योती नगरला, म्हणजे आता बोर्डावर अहिल्यानगर लिहितात तिथं, सावेडीच्या एका हॉटेलात कामाला होती. कॉलेजची पोरं तिथं देशोदेशीचं खायला यायची. अमेरिका आणि मेक्सिकोच्या शिवेवरचा हा पदार्थ तिथं पहिल्यांदा तिनं केला, आणि सहा महिन्यांत असा हात बसला की मालक तळणीवर दुसऱ्या कुणाला उभं करीना. लग्न झालं, नोकरी सुटली. सासरी तिनं तो एकदाच केला होता.

रंगुबाई म्हणणार होती, उद्या एवढं जेवण करायचंय, आज हे कुठलं थेर. पण पाच महिन्यांत पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं. तिनं पुंजारामला शेवगावला पिटाळलं. तो मैदा, चीज, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे असं सगळं घेऊन आला आणि पिशवी ठेवून गुमान गोठ्यात गेला. राजमा आणायचा राहिला असं रंगुबाईला वाटलं, तर ज्योतीनं पातेल्यावरचं झाकण काढलं. राजमा तिनं रात्रीच भिजत घातला होता. म्हणजे विचारायच्या आधीच पोरीचं ठरलेलं होतं! रंगुबाईला हसू आलं. आपलीच पोर.

आणि मग ती बघत राहिली. ज्योतीनं मैद्यात मूठभर कणीक, मीठ आणि तेलाचं मोहन घातलं, कोमट पाण्यानं मळलं आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. राजमा शिजेपर्यंत तिनं कांदा चिरला, ढोबळी मिरची उभी चिरली. कढईत जिरं, कांदा, टोमॅटो, घरचं लाल तिखट. त्यात राजमा घालून वाटीच्या बुडानं ठेचला, आणि मग हलवतच राहिली. पार कोरडं होऊन कडेला सुटेपर्यंत.

"अगं, करपंल की! घाल जरा पानी."

"पानी घातलं की संपलं सगळं. ओलं असलं की तळताना फुटतं. कोरडं पायजे, आन् गार पायजे."

हे बोलताना तिचा आवाज निराळाच होता. ताठ. हॉटेलात दुसऱ्यांना शिकवताना असा निघत असणार, रंगुबाईच्या मनात आलं. हा आवाज लग्नात तिच्याबरोबर सासरी गेला होता, परत आला नव्हता.

मग चपात्या. ताटाएवढ्या मोठ्या, पातळ. तव्यावर नुसत्या वाफ धरण्यापुरत्या टाकायच्या, डाग पडायच्या आत काढायच्या आणि एकीवर एक ठेवून फडक्यात गुंडाळायच्या, म्हणजे मऊ राहतात. एकेक चपाती पुढ्यात घ्यायची, मध्यभागी थोडा भात, राजमा, मका, मिरची, वर किसलेलं चीज. दोन्ही बाजू आत मोडायच्या, मग खालून वर घट्ट गुंडाळत न्यायचं. कडेला मैद्याची खळ लावून दाबायचं. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं.

"येवढंसंच भरतीस?" रंगुबाईला राहवेना. "पोकळ लागंल की. कंजूष मानसाच्या घरचा धोंडा दिसतोय नुसता."

"आई, ह्यात दाबून भरत न्हाईत."

"सरक. मला शिकवू नगंस. तीस वर्षं धोंडे भरतीय मी."

तर हे असं. अंगात मुरलेली रीत जायची कुठं! धोंडा टम्म भरला नाही तर सासरवाडीनं हात आखडला म्हणून जावयाची माणसं नावं ठेवतात. रंगुबाईनं एक चपाती ओढली आणि चिमीचांग्याचा धोंडा केला. मूठ मूठ सारण कोंबलं, वरून पातेल्याच्या तळाचा ओला राजमाही सोडला, वाया कशाला जाऊ द्या. कशीबशी कड चिकटवली. पोट फुगलेला तो गडी ताटात डुलत होता.

तेल तापलं होतं. ज्योतीनं सगळं केलं, पण कढईपाशी आली नाही. दारापाशी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तू सोड आई. जोड खाली करून सोड, म्हंजी उकलत न्हाई."

भाजलेली पोर, भीती बसली असणार. रंगुबाईनं मान डोलवली आणि आपला लाडका गडीच आधी सोडला. तो घटकाभर शहाण्यासारखा तळला. मग पोटात गुरगुरला, शिवणीतून फस्सकन फुटला आणि तेलानं चौफेर पिचकारी मारली.

"अगं आई गं!"

ज्योतीनं धावत येऊन गॅस बंद केला, आईचा हात ओढून नळाखाली धरला. मनगटावर, बोटांवर, हनुवटीवर लाल ठिपके उठले होते. मोहरी सांडावी तसे बारीक, इकडं एक, तिकडं एक. रंगुबाई स्वतःवरच हसत होती. "भर आनखी दाबून! हात दाखवून अवलक्षन म्हंत्यात ते ह्यालाच." नळाचं पाणी मनगटावरून वाहत होतं, आणि आईचा हात धरताना ज्योतीनं लांब बाही पार खांद्यापर्यंत वर सारली होती.

रंगुबाईचं हसणं थांबलं.

तिनं स्वतःचे ठिपके बघितले. मग पोरीचा दंड बघितला. खांद्याच्या मागून निघालेला चार बोटं रुंद पट्टा, खाली कोपरापर्यंत आलेला. मध्ये रुंद, शेवटाला निमुळता, पाण्याची धार उतारावरून जाते तसा. एक सलग पट्टा, आजूबाजूला ठिपका म्हणून नाही.

हा दंड तिनं आज पहिल्यांदा बघितला असं नाही. मलम तिनंच लावलं होतं, दोन महिने, रोज. पण डोळ्याला दिसत होतं ते मनाला बघायचं नव्हतं. चाळीस वर्षं कढईपुढं उभी राहिलेली बाई ती. उडालेलं तेल ठिपके पाडतं, आणि उडतं ते पुढून. पाठीमागून, खांद्यावरनं, धार लागून येतं ते ओतलेलं.

"ज्योती," ती म्हणाली, "कुनी ओतलं?"

ज्योतीनं नळ बंद केला.

"त्यांचे दोस्त आले हुते जेवायला. मी हेच केलं. लोकांनी दोन-दोन, तीन-तीन खाल्ले. म्हनाले, वहिनी, कर्जतला हॉटेल टाका, रांग लागंल. मी म्हनलं, व्हय, टाकनार हाय. येवढंच म्हनलं, आई. हसून म्हनलं. दोस्त गेल्यावर मी भांडी आवरत हुते. मागनं आले, कढईतलं पळीभर तेल घेतलं, आन्... म्हनाले, 'घे, टाक हॉटेल.'"

"आन् तुझी सासू?"

"समोर हुती. म्हनाली, दवाखान्यात सांग, तळताना उडालं."

"मला का न्हाई सांगितलं?"

ज्योतीनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर रंगुबाईला सोपं गेलं असतं.

"मोबाईल काढून घेतला तवा सांगितलं हुतं. तू म्हनलीस, सहन कर. पंचमीला थोबाडीत मारली तवा सांगितलं. तू म्हनलीस, सहन कर, एक मूल झालं की सुधरंल. हे सांगितलं असतं तर तू काय म्हनली असतीस?"

रंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती जावयावर गेली हे खरं, पण जाता जाता तिलाच भाजून गेली. ती खाली बसली, फरशीवर, तेलाच्या डागांत. उद्या ह्या पोरीला मी त्याच्या पानाशेजारी बसवणार होते. त्याचे पाय धुणार होते. ह्याच हातांनी.

मग ती उठली. निवडून ठेवलेली हरभऱ्याची डाळ तिनं डब्यात परत ओतली, चिरलेला गूळ बरणीत भरला आणि झाकण फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"उद्या येऊ देत त्यांना," ती म्हणाली. "धोंडे करायचे न्हाईत. हेच करायचं. पन तळायचं तू."

"आई, माझ्यानं न्हाई व्हायचं. कढईपाशी गेलं की पाठीमागं कुनीतरी हाय असं वाटतं."

"असनार हाय की. मी असनार हाय."

संध्याकाळी तिनं पुंजारामला गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिला. 'बरं' सुद्धा म्हणाला नाही.

रविवारी सकाळी ज्योती कढईपुढं उभी राहिली. रंगुबाई तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड दाराकडं करून, अशी उभी, की घरात कुणी आलं तर आधी तिच्या अंगावरून यावं लागेल. तिच्या हातातला झारा कढईला लागून टणटण वाजत होता. तिनं पहिला चिमीचांगा जोड खाली करून सोडला. तेल चरचरलं. तिनं डोळे मिटले, उघडले. झाऱ्यानं तेल वर उडवत एक बाजू होऊ दिली, मग हलकेच उलटा केला. तांबूस, कडक, कागद वाजावा तसा वाजणारा. तिनं तो चाळणीत उभा ठेवला, आडवा ठेवला तर वाफेनं खालून मऊ पडतो म्हणून. दुसरा सोडला. सहाव्याला झाऱ्याचा टणटणाट थांबला होता. चोवीस झाले. एकही फुटला नाही.

जावई अमृत आणि त्याची आई छबूबाई अकराला गाडीनं आले. अमृत पांढऱ्या कडक शर्टात, गॉगल डोक्यावर. गावाच्या वेशीपासून लोकांना हात करत आला होता. भागवत हात जोडून गाडीपर्यंत सामोरा गेला. पाट मांडले होते, पण भोवती रांगोळी नव्हती, पाय धुवायला तांब्या-परात नव्हती. भागवतच्या ते नजरेत आलं. त्यानं पुंजारामकडं बघितलं. पुंजाराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हलला नाही.

"पुंजा, तुझ्या बायकोला सांग, पोरीला बसव जावयाशेजारी. जोडीनं बसत्यात."

"ज्योती वाढतीय," रंगुबाई आतून म्हणाली.

ताटं आली. आमरस, भात, कुरडई आणि मध्ये दोन-दोन लांबट, सोनेरी, तळलेले. काही घरांत धोंडे तळूनही करतात, तेव्हा कुणाला शंका आली नाही. भागवतनं हौसेनं तुपाची वाटी उचलली आणि जावयाच्या ताटात दोन्हींवर तूप सोडलं, धार तुटू न देता. "घ्या जावईबापू, लाजू नका. आमच्याकडचे धोंडे म्हंजी एक नंबर." अमृतनं वरून आमरसही ओतला, एक उचलला आणि मोठा घास घेतला.

कुर्रर्र आवाज झाला.

राजमा, तिखट, चीज आणि वर तूप-आमरस. असलं कालवण कुणाच्या सात पिढ्यांत खाल्लं नसेल. अमृतचं तोंड वाकडं झालं. मग त्यानं हातातल्या तुकड्याकडं नीट बघितलं, आणि चावायचा थांबला. ओळखलं त्यानं.

रंगुबाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला.

"काय जावईबापू, थांबला का? चांगलं न्हाई झालं?"

"धोंडे कुठंत?"

"धोंडे न्हाईत. तुमच्या घरी पोरीनं हे केलं हुतं, तवा दोस्तांनी खाल्लं, तुमी न्हाई खाल्लं म्हनं. म्हनलं जावयाचं ऱ्हायलंय, खाऊ घालावं."

छबूबाईनं ताटातून हात काढून घेतला. भागवत एकाकडून दुसऱ्याकडं बघत होता. रंगुबाईनं आपलं मनगट पुढं केलं.

"काल हे तळताना माझ्या अंगावर तेल उडालं, इहीनबाई. बघा. नऊ ठिपके, मोजून. ज्योती, ये गं बाहेर."

ज्योती बाहेर आली. तिनं आज आखूड बाह्यांचा ड्रेस घातला होता, लग्नाआधीचा. पाच महिन्यांत घरातल्या पुरुषांनी तो दंड बघितला नव्हता. भागवतनं बघितला आणि त्याचा हात तुपाच्या वाटीवरच राहिला.

"तुमी पन्नास वर्षं तळण तळलंय, इहीनबाई. शपथ घेऊ नका. नुसतं बघून सांगा, हे उडाल्यालं हाय का ओतल्यालं?"

छबूबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत पुटपुटली, "तेल ते... कसंबी येतं अंगावर."

"खांद्याच्या मागनं येतं?"

अमृतच उसळला. "काय लावलंय हे? देवाच्या जेवणाला बोलावून तमाशा! तिला धड तळता येत न्हाई, त्याला मी काय करू? येंधळी हाय ती. कढईपुढं उभं ऱ्हायची अक्कल न्हाई."

"तुझ्या ताटात हाय ते मीच तळलंय," ज्योती म्हणाली. "सकाळपासून चोवीस तळले. एकबी फुटला न्हाई."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ज्योतीच्या तोंडून नवऱ्याला 'तू' कुणी ऐकलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही.

"आई, बघतीस का हिची जीभ!" अमृत उठायला लागला. "चल, पिशवी भर. घरी चल, मग बघतो."

"मी येनार न्हाई."

"मग मर हितंच चुलीपुढं!"

"चुलीपुढंच ऱ्हानार हाय. मरनार न्हाई."

अमृतनं तिच्या दिशेनं पाऊल टाकलं मात्र, चौकटीतला पुंजाराम हलला. तो सावकाश आला, जावयाच्या पुढ्यात वाकला आणि ताट उचललं. अर्धं जेवलेलं, खरकट्या हाताच्या माणसापुढचं ताट. आपल्याकडं शत्रूच्या पुढचंही भरलं ताट उचलत नाहीत. त्यानं ते उचललं, अंगणात नेलं आणि कुत्र्यापुढं ठेवलं. मग परत येऊन म्हणाला,

"उठा. गाडी वळवायला जागा हाय बाहेर."

ते गेले. जाताना अमृत काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. छबूबाई गाडीत बसेपर्यंत एकदाही मागं वळली नाही. अर्धी गल्ली दारात येऊन उभी होती, टाकीपाशी विचारणाऱ्या बायांसकट. रंगुबाईनं दार लावून घेतलं नाही. बघा, काय बघायचं ते.

ती आत गेली, लुगडं बदललं, पिशवीत पाण्याची बाटली आणि दवाखान्याचे कागद घातले.

भागवत ओट्यावर डोकं धरून बसला होता. त्यानं पिशवी बघितली आणि ताडकन उठला.

"पुंजा, तुझ्या बायकोला सांग..."

"माझ्याशी बोला भावजी. मी हितंच उभी हाय."

तीस वर्षांत पहिल्यांदा भागवत तिच्याकडं बघून बोलला. "कुठं निघाली?"

"शेवगावला. पोलीस ठाण्यात."

"येड लागलं का? झालं तेवढं बास झालं. पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच, मी काय आता जा म्हनत न्हाई तिला. पन घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत इंगळ हाय, भावजी. झाकून धरला तर आपलाच हात जळतो."

"अगं, पन तिथं काय सांगनार? दवाखान्याच्या कागदावर 'उडालं' असंच लिवलंय. पाच महिने गप का बसला, म्हनून इचारतील. काय तोंड देनार?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. रंगुबाई उंबऱ्यातच थबकली. ज्योती तिच्याकडं बघायला लागली. पोरीच्या चेहऱ्यावर तीच जुनी भीती डोकावली, की आता आई बसेल खाली आणि म्हणेल, बघू, चार दिवस थांबू.

"इचारू द्या," रंगुबाई म्हणाली. "सगळं सांगीन. दोन महिने म्या रोज मलम लावलं आन् बघितलं न्हाई. मोबाईल घेतला तवा सहन कर म्हनाले, मारलं तवा सहन कर म्हनाले. पोरीचा दंड लोकांना दिसू नये म्हनून लांब बाह्यांचे ड्रेस म्याच शिवून दिले, ऐन उन्हाळ्यात. आन् आज धोंडे घालून परत त्याच्या गाडीत बसवनार हुते, तेबी म्याच. असंच्या असं लिवून घ्या म्हनीन सायबाला. वर त्याचं नाव लिवा, त्याच्याखाली त्याच्या आईचं, आन् त्याच्याखाली माझं."

"आई, तुझं कशाला?" ज्योतीचा आवाज फुटला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"का म्हंजी? तुझ्या पाठीमागं तो उभा हुता, खरंय. पन तुझं तोंड माझ्याकडं हुतं."

बाहेर पुंजारामनं मोटारसायकलला किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागली. रंगुबाईनं पोरीचे डोळे पदरानं पुसले, तिला मध्ये बसवलं आणि स्वतः मागं बसून दोन्ही हातांनी तिला धरलं.